दसऱ्याचा अपवाद

टुण्, टुण्, टुण्.

दुपारच्या गच्च शांततेत फ्रिज बोलायला लागला आणि केतकी दचकून उठली. काही नव्हतं, दार नीट लागलं नव्हतं एवढंच. दह्याचं पातेलं आत सरकवताना बोटभर फट राहिली असणार. तिने गुडघ्याने दार ढकललं तसा फ्रिज गप्प झाला. आतल्या खोलीत दुर्वा झोपली होती, उजव्या भुवईवर पांढरी पट्टी, मूठ गालाखाली. केतकी चौकटीला टेकून तिचा श्वास ऐकत राहिली.

बोटभर फटीसाठी हा फ्रिज घर डोक्यावर घेतो. आणि त्या गाडीने एक अवाक्षर काढलं नव्हतं.

दारावर नखाची टकटक झाली, दोनदा. कुमुदकाकू कधीच बेल वाजवत नसत. इतकी वर्षं पाळणाघर चालवून त्यांच्या अंगात ते मुरलं होतं, झोपलेलं पोर उठता कामा नये. समोरच्याच इमारतीत त्या आणि कोठावदेकाका राहायचे. केतकीची रजा संपली तेव्हा दुर्वा धड बसतही नव्हती, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच वाढली होती.

"झोपलीय?"

"हो. आत या ना काकू."

"सांजा आणलाय. तिला आवडतो तसा, केळं घालून." काकूंनी डबा ओट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि एकदम केतकीच्या पायाशी वाकल्या.

"काकू! अहो, काय करताय हे!"

"करू दे गं. तुझी एकुलती एक पोर आमच्या भरवशावर सोडलीस. दसऱ्याचा दिवस, आत्याकडे सोनं देऊन येतो म्हणाले, ही मागे लागली म्हणून घेऊन गेले. मीच म्हटलं, न्या. आणि यांनी गाडी भिंतीवर घातली. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता पोरीचा."

केतकीने त्यांना दंडाला धरून उठवलं.

"काका कसे आहेत?"

"खांद्याचं हाड जुळेल म्हणतात. पण माणूस पार खचलाय. काल आपण होऊन जाऊन लायसन परत देऊन आले. 'दिवा लागला नव्हता, कुमुद,' एवढंच परवापर्यंत म्हणायचे. मग हेमंतने फोनवर सुनावलं, 'बाबा, गाडीला माणसासारखं विसरायला होत नाही. दिवा लागलाच असणार, तुम्हाला दिसला नाही.' तेव्हापासून तेही बंद. आता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात आणि मला विचारतात, 'चतुर्थी मंगळवारी आहे ना? मी बरोबर वाचतोय ना?' नोटप्रेसमध्ये अख्खा जन्म नोटांमधल्या चुका शोधण्यात गेला त्यांचा. केसाएवढी रेघ हलली तरी शीट बाजूला काढायचे. त्या माणसाला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही." काकूंनी नाक पुसलं. "हेमंत येतोय रविवारी. आम्हाला बंगळुरूला घेऊन जातो म्हणतोय, कायमचं. कसल्या कसल्या तपासण्या करायच्यात यांच्या डोक्याच्या."

"नव्हताच लागला दिवा."

दोघींनी वळून पाहिलं. दुर्वा दारात उभी होती, हातात गोधडीचं टोक.

"मी बघत होते. निघताना आम्ही हजेरी घेतली होती. रागावलेला गोल घरी गेला होता. मग परत आलाच नाही."

"हो गं माझी बाय," काकू म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. ते 'हो' लहान मुलांना म्हणतात तसलं होतं. डोळे मात्र केतकीकडे होते, ओशाळलेले. जणू आजोबांची चूक झाकायला ही एवढीशी पोरसुद्धा खोटं बोलायला शिकली, हाही त्यांचाच दोष.

दुर्वा खोटं बोलत नव्हती. नाशिक शहरात हे ओळखू शकणारी एकच बाई होती, आणि ती काकूंनी आणलेला सांज्याचा डबा हातात घेऊन ओट्याशी उभी होती.

*

हजेरीचा खेळ काकांचा. गाडी सुरू करण्याआधी किल्लीची कळ दाबली की पुढच्या पट्टीवरचे सगळे दिवे क्षणभर एकदम लागतात. दिवे शाबूत आहेत ना, हे गाडी स्वतःच तपासून बघते. काका तेव्हा मागच्या सीटवरच्या दुर्वाला विचारायचे, "गळकी किटली?" की ती ओरडायची, "घरी गेली!" म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दिवा विझला. "कासव?" म्हणजे इंजिनाचा. "फुटकी कढई?" म्हणजे टायरमधल्या हवेचा. आणि शेवटी "रागावलेला गोल?", वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला ब्रेकचा लाल दिवा. सगळे घरी गेल्याशिवाय काका गाडी हलवत नसत. एखादा मागे राहिला तर तडक गॅरेज. काकू चिडवायच्या, "बायको कण्हली तर ऐकू येत नाही, गाडीने डोळा मारला की धावले."

काकांसारखी माणसं मात्र फार थोडी. केतकीचं सगळं काम उरलेल्यांसाठी होतं.

गाडीच्या पोटात आता चाकाला, पेडलला, बॅटरीला, सगळीकडे नसा पोचलेल्या असतात. प्रत्येक नस आपल्या भागाची खबर विजेच्या बारीक कमी-जास्त दाबात सांगत असते. खबर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की गाडीचा मेंदू एक कोड लिहून ठेवतो, एक अक्षर आणि त्यापुढे आकडे. कोणता भाग, कसली कुरकुर, सगळं त्यात येतं. दिवा हा त्या कोडचा आवाज. कोड आतल्या आत लिहिलेला राहतो, दिवा माणसाला हाक मारतो.

आणि हाका फार वाढल्या होत्या. गाड्यांना पुढे बघणारा रडार-डोळा आला, ब्रेकही विजेवर चालायला लागले, तशा नसा वाढल्या, कोड वाढले, दिवे वाढले. शंभरातले सत्तर दिवे धुळीचे, दमट हवेचे, उंदराने कुरतडलेल्या रबराचे. गॅरेजमध्ये गेलं की कधी दोनशे रुपयांत नुसतं पुसून मिळे, कधी अख्खा डोळा बदलायचे साठ हजार सांगत. लोक कंटाळले. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळे झाले. सतत ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, आणि मग खरा दिवा लागला तरी चिकटपट्टीच्या आडच लागतो.

त्यावर नाशिकच्या अंबड भागातल्या गाड्यांच्या कंपनीत केतकीच्या गटाने 'विवेक' नावाचा प्रोग्राम तयार केला. गाड्या रोज रात्री आपापले कोड कंपनीकडे पाठवतात. लाखो गाड्यांचे कोड एकत्र बघून विवेक शिकतो, की कोणत्या गावात, कोणत्या हवेत, कोणत्या दिवशी कोणता कोड पोकळ निघतो. तेवढा दिवा तो दाबून ठेवतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलांच्या हादऱ्याने इंजिनाची नस बावचळते, विवेक दिवा लावत नाही. विवेक आल्यापासून चिकटपट्ट्या निघाल्या, दिवा लागला की माणसं पुन्हा थांबायला लागली, अपघात घटले. पराग, केतकीचा नवरा, चेन्नईहून फोनवर म्हणायचा, "तुझ्या त्या विवेकला विचार, मी घरी आलो तर चालेल का."

दसरा मात्र विवेकच्याही हाताबाहेर गेला होता. खंडेनवमीला अख्खा महाराष्ट्र गाड्या धुतो, पाइपच्या जोरदार फवाऱ्याने, पार आतल्या कानाकोपऱ्यात पाणी जाईपर्यंत. दसऱ्याला हळदकुंकू, स्वस्तिक आणि झेंडूची भरगच्च माळ, नेमकी पुढच्या रडार-डोळ्यावर. सणाच्या सकाळी, ऐन पूजेच्या ताटासमोर, हजारो गाड्यांचे दिवे लाल. गेल्या वर्षी कंपनीचे फोन दिवसभर वाजत होते. "पूजा केली नि दिवा लागला, हा कसला अपशकुन विकलात आम्हाला?"

म्हणून यंदा सणाचा नियम करायचा ठरला. खंडेनवमी ते दसरा, दोन दिवसांपुरता अपवाद, आणि दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा. काम केतकीकडे. माळेचा कोड सोपा होता, तो तिने नीट तपासला. दुसरा कोड ब्रेकच्या पेडलचा. पेडल किती दाबलं हे सांगायला दोन नसा असतात. दोघींची साक्ष जुळली तर ठीक. जुळली नाही तर गाडी विजेचा ब्रेक सोडून जुन्या, तेलाच्या ब्रेकवर जाते. तो ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखं कडक होतं, अंगातलं सगळं बळ लावावं लागतं. धुतलेल्या गाडीत पाणी शिरलं की या दोन नसा थोडा वेळ भांडतात, वाळलं की पुन्हा गोडीत. हजारो गाड्यांत तेच. पण घासून तुटत आलेल्या वायरचं भांडणही सुरुवातीला अगदी तसंच दिसतं. दोन्हीतला फरक विवेकला कळतो का, हे चाचणीच्या सांगाड्यावर बघायला हवं होतं. एक पेडल भिजवून, दुसऱ्याची वायर खरवडून. एका दुपारचं काम.

ती दुपार आलीच होती. केतकीने भिजवलेलं पेडल लावलंसुद्धा होतं. तेवढ्यात कुमुदकाकूंचा फोन आला.

"अगं, दुर्वाचं अंग जरा कोमट लागतंय. घाबरायचं काही नाही, मी आहे. पण सारखी 'आई कधी येणार' चाललंय. खिडकीतून हलत नाही."

केतकीने सांगाड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्या आठवड्यात एकदाही ती दुर्वा जागी असताना घरी पोचली नव्हती. दाराशी गटाचे प्रमुख डोंगरे सर आले, त्यांना रात्रीपर्यंत नियम गाड्यांमध्ये पाठवायचा होता.

"केतकी, दोन्ही कोडची चाचणी झाली?"

"झाली सर," ती पर्स उचलत म्हणाली.

पाळणाघराच्या दारात दुर्वा तिच्या अंगावर झेपावली होती. ताप वगैरे काही नव्हता, जराशी कणकण. "आई, तू सगळ्यांच्या आधी आलीस! ओमच्या आईच्या पण आधी!" तो दिवस दुर्वा अजून मोठ्या तोऱ्यात सांगते.

केतकीने मनाशी म्हटलं होतं, उद्या करू. उद्या दुसरं काम निघालं. मग दसरा उजाडला. त्या दिवशी ती कंपनीत पडद्यासमोर बसून होती. फोन जवळजवळ नव्हतेच. संध्याकाळी सरांनी पेढे वाटले. तिच्या हातात अर्धा पेढा होता आणि मोबाइल वाजला. पांडवलेण्यांच्या बाजूचा उतार. कोठावदेकाकांची गाडी.

*

गाडी गांगुर्डेच्या गॅरेजमध्ये मागच्या शेडखाली पडली होती. समोरचा भाग आत दबलेला, रडार-डोळ्याच्या जागी भोक, आणि त्या भोकाशी झेंडूचा सुकलेला तुकडा अजून दोऱ्याला लटकलेला. कुमुदकाकू गेल्या तशी दुर्वाला शेजाऱ्यांकडे ठेवून केतकी रिक्षा करून इथे आली होती.

"या मॅडम. तुमचीच छोकरी होती ना आत? बरी आहे?" गांगुर्डे हात पुसत आला. "देवाची कृपा. गाडीचं म्हणाल तर आता लाखाच्या पुढे. डोळा नवा, बंपर, पुढचा पत्रा, रेडिएटर. आणि मूळ दुखणं बघा केवढंसं."

त्याने पेडलखाली टॉर्च धरला. एक वायर वळणावर पत्र्याला घासून आतली तार उघडी पडली होती.

"वर्षभर घासत असणार. वायर आणि तासाभराची मजुरी, पंधराशेच्या आत काम. उतारावर पार तुटली, ब्रेक तेलावर गेला, पेडल झालं कडक. काकांनी दाबलं रोजच्यासारखं. त्या वयात पायात जोर तो किती असणार?" तो थांबला. "एक कोडं मात्र सुटत नाही मॅडम. टायरची हवा उतरून कढईचा दिवा लागला ना, तरी हे काका गाडी बिल्डिंगखाली ठेवून रिक्षाने मला न्यायला आले होते. असं गिऱ्हाईक मी दुसरं बघितलं नाही. आणि ब्रेकचा लाल दिवा यांना दिसला नाही? माझ्या यंत्रावर कोड दिसतोय, बाकी काही कळत नाही."

"बघते," केतकी म्हणाली.

तिने पर्समधलं कंपनीचं यंत्र काढलं, गाडीला छोटी बॅटरी लावली, वायर जोडली. गॅरेजवाल्यांच्या यंत्राला न दिसणारी आतली पाटी उघडली. कोड होता. पहिल्यांदा लिहिला गेला तो दसऱ्याच्या सकाळी, काकांनी पूजेसाठी गाडी सुरू केली तेव्हा. पुन्हा संध्याकाळी, निघताना. पुन्हा उतारावर. आणि प्रत्येक नोंदीपुढे तेच: दिवा, दाबला. आवाज, दाबला. कारण, सणाचा नियम.

गाडीने तीन वेळा तोंड उघडलं होतं. तीनही वेळा केतकीचा हात तिच्या तोंडावर होता. त्यातल्या दोन वेळा गाडी जागेवर उभी होती. दिवा लागला असता तर काकांनी माळ घातलेली गाडी तशीच सोडून चालत गांगुर्डेचं गॅरेज गाठलं असतं, दसरा असो नाहीतर दिवाळी. दुर्वाला म्हणाले असते, "रागावलेला गोल घरी जात नाही गं, आज आपण रिक्षाने जाऊ."

"मॅडम, तुमचं यंत्र लावलंच आहे तर तेवढा कोड उडवून टाका ना," गांगुर्डे मागून म्हणाला. "नवी वायर टाकली की तसाही पुसायचाच. माझं एक काम वाचेल."

यंत्राने विचारलंच: सर्व नोंदी पुसायच्या? हो. नाही.

अपघातानंतर या गाडीची बॅटरी काढलेली होती, त्या दिवसाचं तिने कंपनीकडे काहीच पाठवलं नव्हतं. जे होतं ते इथेच, या दबलेल्या पत्र्याच्या आत. 'हो'वर बोट टेकलं की दिवा लागूनही कोठावदेकाकांना दिसला नव्हता ही गोष्ट कायमची खरी होणार होती. ते बंगळुरूला जातील. तिथे कोणी डॉक्टर त्यांना चित्रं दाखवून नावं विचारेल. इथे केतकीची नोकरी राहील, घर राहील, विवेक राहील. विवेकने खरंच माणसं वाचवली होती, हेही खोटं नव्हतं. तिचं बोट काचेवर होतं. किती वेळ, ते तिला कळलं नाही, पण ते लगेच उचललं गेलं नाही एवढं तिला नंतरही विसरता येणार नव्हतं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "गांगुर्डेदादा, वायर जोडू नका. गाडीला हात लावू नका कोणी. आहे तशी राहू द्या."

शेडबाहेर येऊन तिने डोंगरे सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कुणाशी बोललीस का?" सरांनी विचारलं.

"अजून नाही."

"बोलू नकोस. वकिलांना बघू दे आधी. म्हातारा माणूस आहे, असंही वाटू शकतं की..."

"सर, दिवाळीच्या पाडव्याला हाच नियम परत जागा होणार आहे. तो आत्ता मागे घ्या. आणि त्या दोन दिवसांतला एकूणएक अपघात तपासा, आपल्या गाड्यांचा."

"घेतो. तपासतो." मग आवाज बदलला. "केतकी, मी तुला विचारलं होतं. चाचणी झाली का."

"हो सर."

"तू झाली म्हणालीस."

"नव्हती झाली."

त्यांनी रागवायला हवं होतं. ते नुसतं म्हणाले, "उद्या येऊ नकोस. कळवतो," आणि फोन ठेवला.

*

दुर्वाला मागे ठेवायला कोणी नव्हतं. शेजारच्यांचा बाहेर जायचा वेळ झाला होता. आणि एरवी तिला जिथे ठेवायचं, तिथेच तर जायचं होतं.

काका खिडकीजवळ बसले होते, हात गळ्यातल्या झोळीत, नजर समोरच्या कॅलेंडरवर. दुर्वाला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि पट्टी दिसताच विझला.

"ये ये. दुखतंय का गं?"

"खाज येते. आजोबा, तुमची झोळी कोणी शिवली?"

"काकूआजीने. तुझ्या झबल्याच्या कापडाची आहे बघ."

केतकी उभीच राहिली. कुमुदकाकूंनी पाण्याचा तांब्या आणला, तो तिने घेतला नाही.

"काका, मला काही सांगायचंय. दिवा लागला नव्हता."

काकांनी हळूच मान वळवली.

"गॅरेजमध्ये जाऊन आले. गाडीच्या मेंदूत सगळं लिहिलेलं आहे. गाडीला सकाळपासून कळलं होतं, पण दिवा लावायची तिला मनाई होती. दसऱ्यापुरती. धुतलेल्या गाड्यांचे दिवे उगाच लागतात म्हणून. तो नियम मी केला. तपासायला हवा होता, तपासला नाही आणि तपासला म्हणून सांगितलं." तिने काकांकडे पाहिलं. "तुमचे डोळे चांगले आहेत काका. तुमचं काही चुकलं नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं."

काकांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती, तेच वाक्य तोंडात घोळवून बघत असल्यासारखी. मग त्यांनी बरा असलेला हात डोळ्यांवर ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे मला दिसतंय," ते म्हणाले. "कुमुद, ऐकलंस? मला दिसतंय गं. डोकं ठीक आहे माझं."

ते हसत होते. रडत होते आणि हसत होते. केतकीने शिव्यांची तयारी केली होती, थप्पड खायचीसुद्धा. या हसण्यापुढे कसं उभं राहायचं, याची तयारी तिच्याकडे नव्हती. आपलंच हिरावून घेतलेलं परत मिळालं म्हणून माणूस तिचे आभार मानायच्या बेतात होता.

"दुर्वाबाई," काकांनी नाक ओढत विचारलं, "रागावलेला गोल?"

"घरी गेला होता!" दुर्वा ओरडली. "मी म्हटलं होतं ना सगळ्यांना! कोणी ऐकतच नाही माझं."

"चुकलं बाई. यापुढे तुझं ऐकणार."

कुमुदकाकू हसल्या नाहीत. त्या तांब्या हातात धरून केतकीकडे बघत होत्या. दुपारी ज्या पायांशी त्या वाकल्या होत्या, त्या पायांकडे त्यांची नजर एकदा जाऊन आली.

"मी दुपारी तुझ्याकडे आले," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुला माहीत होतं?"

"नक्की नव्हतं. पण मनात आलं होतं, अपघाताच्या रात्रीच."

"आणि तू मला वाकू दिलंस."

केतकीने मान खाली घातली.

"तू निष्काळजी पोर नाहीस गं. डब्यातली पोळीसुद्धा दोनदा बघून देतेस. अख्ख्या मुलखाच्या ब्रेकचं काम, आणि न बघता पुढे? का? का केलंस असं?"

फोन तुमचाच आला होता काकू. कणकण आहे म्हणालात. खिडकीतून हलत नाही म्हणालात. हे सगळं केतकीच्या जिभेवर आलं. काकूंच्या मागे दुर्वा काकांच्या झोळीला बोटाने झोका देत होती, कान मात्र इकडेच.

"घाई होती," केतकी म्हणाली.

काकूंनी तांब्या खाली ठेवला. आतल्या खोलीत जाऊन त्या थोड्या वेळाने बाहेर आल्या. हातात दुर्वाची दुपारच्या झोपेची गोधडी होती, चौकोनी घडी घातलेली, आणि वर तिचा चिमणी कोरलेला स्टीलचा पेला. पाळणाघरातल्या प्रत्येक पोराची गोधडी आणि पेला तिथेच फळीवर राहतो. मूल शाळेत मोठ्या वर्गात गेलं, कायमचं जायला निघालं, तरच ते घरी पाठवतात.

"कुमुद," काका म्हणाले. "राहू दे ना. आपण आता कुठे चाललोय?"

"तुम्ही राहा गप्प." काकूंचा आवाज कापला. "थोडे दिवस जाऊ देत. आत्ता मला हिच्या आईकडे बघवत नाही." दुर्वासमोर उकिडवं बसून त्यांनी तिच्या पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवली, तिचा मुका घेतला, आणि गोधडी केतकीच्या हातात दिली.

जिना उतरून दोघी बाहेर आल्या. संध्याकाळच्या उन्हात इमारतीखाली ओळीने गाड्या उभ्या होत्या. कुणाच्या आरशाला, कुणाच्या नंबरपट्टीला दसऱ्याची वाळकी फुलं अजून अडकलेली. रस्ता ओलांडायला केतकीने दुर्वाचं बोट धरलं. दुसऱ्या हातात गोधडी, वर पेला. गोधडीला काकूंच्या घरचा वास होता, पावडरचा आणि वरणाचा.

"आई, आजोबा खूश झाले ना?"

"हो."

"आणि काकूआजी रागावली."

"हो. तिचं बरोबर आहे. आईने मोठी चूक केली."

"सॉरी म्हण मग. मी म्हणते ना ओमला." दुर्वा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर उडी मारत चालली होती. मध्येच ती थांबली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, पट्टीखालचा डोळा किलकिला करत.

"पण तू काकूआजीला म्हणालीस ना, घाई होती. तेव्हा कुठे जायचं होतं गं तुला, आई?"